तसबिरींतील चित्रे

कोणत्याही जुन्या मराठी घराच्या माजघरात मान थोडी वर करून पाहिले, तर तुळईच्या खाली तसबिरींची एक ओळ दिसते. तिच्यात कमळावर उभी असलेली लक्ष्मी असते, वीणा घेतलेली सरस्वती असते, हंसाशी बोलणारी दमयंती असते. एखाद्या कोपऱ्यात रामपंचायतनही असते. वरच्या बाजूने पुढे कललेल्या त्या तसबिरी खाली वावरणाऱ्या माणसांकडे वाकून पाहत आहेत, असे वाटते. घरातील भांड्यांची मोजदाद होते, दागिन्यांची होते, कणगीतील धान्याचीही होते. या चित्रांची मोजदाद मात्र कोणी करीत नाही. ती आजोबांच्या वेळेपासून तेथे आहेत आणि यापुढेही तेथेच राहणार, अशी घरातील प्रत्येकाची समजूत असते. भिंत आहे तोवर चित्र आहे!

ही समजूत भाबडी आहे. भिंतीवर टांगलेले चित्र स्वस्थ दिसते, पण ते स्वस्थ नसते. समोरून उजेड त्याचे रंग हळूहळू नेत असतो. मागून भिंतीची ओल त्याच्या अंगात शिरत असते. आणि ज्या लाकडी फळीने त्याला पाठीशी घातलेले असते, तीच त्याला थोडे थोडे जाळीत असते. हे सारे इतके सावकाश चालते की, रोज पाहणाऱ्याच्या ते ध्यानातच येत नाही. घरातील मूल कधी मोठे झाले हे जसे आईला कळत नाही, तसेच लक्ष्मीचा लाल शालू कधी विटला हे घराला कळत नाही. एखादे दिवशी घराला रंग देण्यासाठी तसबीर खाली उतरवावी, चौकट उघडावी, आणि चौकटीच्या पट्टीखाली झाकलेली चित्राची कड पाहावी. तेथे मूळचा लाल रंग तसाच्या तसा तजेलदार असतो. मग कोठे समजते की, आपण इतकी वर्षे चित्र पाहत नव्हतो, चित्राची आठवण पाहत होतो.

या चित्रांची योग्यता काय, हे समजण्यासाठी ती घरात आली कशी, हे आधी समजले पाहिजे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी रंगीत चित्र ही सामान्य माणसाच्या घरातील वस्तू नव्हती. चित्रे राजवाड्यांत असत, मठमंदिरांच्या भिंतींवर असत, चित्रकथी आणि पैठणचे चित्रकार यांच्या पोथ्यांत असत. दगडावर चित्र काढून त्याच्या हजारो प्रती उतरविण्याची कला आपल्याकडे आली, तेव्हा ही स्थिती पालटली. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली, आणि तिने छापलेली देवादिकांची व इतिहासपुरुषांची चित्रे महाराष्ट्रातील घराघरांत जाऊन पोहोचली. पुढे १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. केरळातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेला हा चित्रकार त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी काढलेल्या पौराणिक चित्रांचा सर्वत्र बोलबाला झाला होता. परंतु तैलरंगांतील मूळ चित्र एकच असते, आणि ते एकाच धन्याच्या महालात राहते. तेच चित्र छापले, तर ते थोडक्या पैशांत कोणाच्याही घरी जाऊ शकते, हा त्यामागील विचार होता.

हा विचार साधा दिसतो. परिणाम मात्र फार मोठा झाला. त्या काळी समाजातील कितीतरी लोकांना देवळाच्या पायरीपलीकडे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. देव आत होता आणि ते बाहेर होते. अशा माणसाच्या झोपडीतही आता चार आण्यांच्या खिळ्याला लक्ष्मी येऊन राहिली. तिच्यापुढे दिवा लावण्यासाठी त्याला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. कागदाच्या एका तुकड्याने हे काम केले. म्हणून या चित्रांकडे पाहताना केवळ त्यांची रेषा आणि रंग पाहून भागत नाही. त्यांनी किती बंद दारे उघडली, हेही ध्यानात ठेवावे लागते.

चित्र छापण्याची ती रीतही मोठी कष्टाची होती. बव्हेरियातील सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढलेली ही शिळाछापाची कला तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभी आहे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग दगड ओला करतात. पाणी मोकळ्या जागी राहते, रेषेवर ठरत नाही. आणि तेलकट शाईचा रूळ फिरविला की शाई रेषेला धरते, ओल्या दगडाला धरीत नाही. त्यावर कागद दाबला की चित्र उमटले! पण हे झाले एका रंगाचे. जेवढे रंग, तेवढे दगड. आणि प्रत्येक वेळी तोच कागद नेमक्या त्याच जागी बसला पाहिजे. केसभर जरी चूक झाली, तरी ओठांचा रंग गालावर जायचा. असे अनेक रंग एकावर एक चढल्यावर शेवटी चित्रावर रोगण देत. पुष्कळदा कागदावर कापडाच्या विणीसारखा ठसाही उठवीत. त्यामुळे ते छापचित्र दुरून तैलचित्रासारखे दिसे, आणि म्हणूनच त्याला ओलिओग्राफ असे नाव मिळाले.

रविवर्म्यांना या धंद्यात पैशाचे यश लाभले नाही. छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९०६ साली रविवर्मा निवर्तले; त्यांची चित्रे मात्र पुढेही वर्षानुवर्षे छापली जात राहिली. १९७२ साली त्या कारखान्याला आग लागली आणि तेथील पुष्कळसा ठेवा भस्मसात झाला. तेव्हा आज जे उरले आहे, ते बहुतेक लोकांच्या घरांतील भिंतींवर, माळ्यांवर आणि जुन्या बाजारातील ढिगाऱ्यांत आहे. माजघरातील ती दुर्लक्षित ओळ म्हणजे या ठेव्याचा एक हिस्सा होय. धनी मात्र त्याबाबत अजाण असतो.

आता शत्रूंचा विचार करू. पहिला शत्रू कागदाच्या पोटातच आहे. पूर्वी कागद चिंध्यांपासून होत असे. सुताचा तो कागद दोन-तीनशे वर्षांनीही मऊ आणि चिवट राहतो. जुन्या दप्तरांतील मोडीची पत्रे पाहणाऱ्यांना याचा अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात कागदाची मागणी वाढली आणि चिंध्या पुऱ्या पडेनाशा झाल्या. १८०७ साली जर्मनीतील इलिग याने कागदाला राळ आणि तुरटी यांची खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली. १८४० नंतर लाकूड दळून त्याच्या लगद्याचा कागद करण्याची युक्ती निघाली. कागद स्वस्त झाला, पण त्याच्या अंगात आम्ल आले. तुरटीमुळे आलेले हे आम्ल कागदाचे तंतू तोडीत राहते, आणि लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य हवेने व उजेडाने पिवळे पडते. उन्हात चार दिवस पडलेले वर्तमानपत्र ज्या कारणाने पिवळे होते आणि घडीवर मोडते, त्याच कारणाने जुने चित्रही ठिसूळ होते. आणखी वाईट म्हणजे हे आम्ल संसर्गजन्य आहे. चांगल्या कागदामागे वाईट पुठ्ठा ठेवला, तर पुठ्ठ्याचे आम्ल चांगल्या कागदात उतरते. कितीतरी तसबिरी उघडल्यावर चित्राच्या पाठीवर मागच्या देवदारी फळीच्या रेषा आणि गाठी तपकिरी रंगात जशाच्या तशा उमटलेल्या दिसतात. फळीनेही जणू आपले एक छापचित्र काढून ठेवलेले असते!

दुसरा शत्रू उजेड. तो शत्रू आहे हे पटणे कठीण. कारण उजेडावाचून चित्र दिसतच नाही. परंतु उजेड ही शक्ती आहे, आणि ती रंगाच्या कणांवर सारखी आदळत असते. खिडकीच्या पडद्याची उन्हाकडची बाजू विटते आणि आतली टिकते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. केस कापण्याच्या दुकानात दर्शनी भागी वर्षानुवर्षे लावलेल्या चित्रांत तांबडा आणि पिवळा उडून जातो आणि एक निळसर उदास छटा तेवढी मागे राहते. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण यात सर्वांत घातक असतात. उजेडाच्या हानीचे एक लक्षण असे की, ती साठत जाते. तीव्र उजेडात थोडा वेळ आणि मंद उजेडात पुष्कळ वेळ, या दोहोंचा हिशेब सारखाच होतो. दुसरे लक्षण असे की, ती परत भरून निघत नाही. भूक लागलेल्याला अन्न दिले की तो सावरतो. अंधारात ठेवलेल्या चित्राचा गेलेला रंग मात्र परत येत नाही. म्हणून संग्रहालयांत कागदावरील चित्रांवर सुमारे ५० लक्स एवढाच उजेड पडू देतात. एक मीटर अंतरावरील मेणबत्तीचा उजेड म्हणजे साधारण एक लक्स. आणि भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. यावरून खिडकीसमोर टांगलेल्या चित्राची दशा ओळखावी.

तिसरा शत्रू पावसाळा. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, आषाढ-श्रावणात हवाच ओली होते. मिठाच्या बरणीत पाणी सुटते, दारे फुगतात, चामड्याच्या वहाणांवर पांढरी लव येते. कागदही पाणी पितो. तो फुगतो, आणि पुढे थंडीत आक्रसतो. चारी बाजूंनी डकवून टाकलेल्या कागदाला फुगायला जागा न मिळाली, की त्याला लाटा पडतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ च्या वर दीर्घकाळ राहिली, तर बुरशी डोके वर काढते. मग चित्रावर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग दिसू लागतात. काच चित्राला अगदी टेकलेली असेल, तर ओलीने रोगण मऊ होऊन काचेला चिकटते. आणि पुढे कोणी ती काच ओढून काढली, तर सरस्वतीचा चेहरा काचेबरोबर निघून येतो.

ओलीमागोमाग कीटक येतात. चंदेरी अंगाची, चपळ अशी कसर काळोख आणि ओल यांवर जगते. तिला कागदापेक्षा त्याची खळ अधिक आवडते. ती पृष्ठभाग खरवडून खाते आणि चित्राची कातडी सोलल्यासारखी दिसते. झुरळे डाग पाडतात. वाळवी तर भिंतीतून येते आणि फळीच्या मागून आत शिरते. समोरून तसबीर धडधाकट, आत मातीचे घर! गव्हाच्या खळीने डकवलेली चित्रे म्हणजे या मंडळींना वाढून ठेवलेले पानच होय.

येथवर निसर्गाचे झाले. पण चित्राचे सर्वांत मोठे नुकसान त्याच्यावर माया करणाऱ्यांकडूनच होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. चित्र चौकटीत बसत नाही, असे दिसताच चौकटवाला सहज म्हणतो, “वहिनी, कडा थोड्या कापाव्या लागतील.” वहिनीही सहज उत्तर देतात, “कापा की! नुसता पांढरा कागद तर आहे.” त्या पांढऱ्या कागदावरच छापखान्याचे नाव असते, चित्राचे नाव असते. कात्रीच्या एका फटक्यासरशी चित्र आपले नावगाव हरवून बसते. कोणी फाटलेल्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावतो. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, परंतु तिचा चिकट पदार्थ कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो. कोणी सणासुदीला ओल्या फडक्याने चित्र पुसून काढतो. कोणी चांगले टिकावे म्हणून ते प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत गरम दाबून बंद करून घेतो. आता ते कोणालाही, कधीही सुखरूप सोडविता यायचे नाही. हेतू प्रत्येकाचा चांगलाच असतो. कागदाला मात्र हेतू कळत नाही.

मग करावे तरी काय? उपाय फार आहेत असे नाही, आणि जे आहेत ते अवघडही नाहीत. चित्र कापू नये. चौकट चित्राच्या मापाची करावी. चित्र आणि काच यांच्यामध्ये सुताच्या किंवा आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून बसवावी, म्हणजे दोहोंत थोडी पोकळी राहते आणि काच चित्राला टेकत नाही. पाठीमागेही तसाच पुठ्ठा असावा. लाकडाची फळी चित्राला लागू देऊ नये. चित्र पुठ्ठ्यावर सबंध डकवू नये. वरच्या कडेला पातळ, चिवट जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावून त्यांवर ते टांगते ठेवावे. ही खळ पाण्याने सुटते, आणि हाच तिचा गुण होय. चित्रावर केलेले कोणतेही काम पुढच्या माणसाला निस्तरता यावे, हा या विद्येतील पहिला धडा आहे. चौकटीची पाठ कागदाने सर्व बाजूंनी बंद करावी, म्हणजे धूळ आणि कसर यांना वाट राहत नाही. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवावे. त्यामुळे चौकट आणि भिंत यांच्यातून वारा खेळतो.

जागेचाही विवेक हवा. पावसाची झड खाणारी बाहेरची भिंत, चुलीवरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि उन्हासमोरची भिंत, या चारी चित्राला वर्ज्य समजाव्या. घरातील मधली, कोरडी, सावलीची भिंत उत्तम. देवापुढील समई चित्राच्या अगदी खाली असेल, तर तिची काजळी आणि ऊब दोन्ही वर चढतात. म्हणून दिवा चार हात दूर असावा. जी चित्रे टांगलेली नाहीत, त्यांची गुंडाळी करू नये. जुना कागद एकदा गुंडाळला की उलगडताना मोडतो. ती सपाट, एकेका चित्रामध्ये आम्लरहित कागद घालून, खणात किंवा मजबूत पेटीत ठेवावी. पेटी माळ्यावर नको, कारण तेथे पत्र्याची ऊब. जमिनीवरही नको, कारण तेथे ओल आणि वाळवी. डांबराच्या गोळ्या ठेवण्यापेक्षा पेटी स्वच्छ आणि कोरडी राखणे अधिक गुणकारी. गोळी चित्राला लागली तर तिचाच उपद्रव होतो. चित्र उचलताना हात कोरडे असावे आणि दोन्ही हातांनी, खाली पुठ्ठा धरून उचलावे. जुन्या घराण्यांत पोथ्या फळ्यांमध्ये घालून बासनात बांधीत आणि पावसाळा सरला की सोडून त्यांना वारा देत. ती रीत चित्रांनाही लागू आहे; मात्र वारा सावलीतला हवा, ऊन नको. आणि चित्र फाटले, चिकटले किंवा बुरशीने धरले, तर मात्र घरच्या घरी धाडस करू नये. अशा कामासाठी केंद्र सरकारने १९७६ साली लखनौ येथे एक राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन केली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही हे काम जाणत्या हातांनी चालते.

हे सर्व केले तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो पुठ्ठ्याने किंवा खळीने सुटणारा नाही. चित्र जपायचे असेल तर अंधार हवा. चित्र पाहायचे असेल तर उजेड हवा. या दोहोंतून काय निवडावे?

अमेरिकेतील बॉस्टन शहरात स्पॉल्डिंग आडनावाचे दोघे भाऊ होते. त्यांनी जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांचा मोठा संग्रह केला होता. जपानी चित्रकारांचे काही रंग वनस्पतींपासून केलेले असत. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या केन्याच्या जातीतील एका निळ्या फुलापासून ते एक कोवळा निळा रंग काढीत. तो इतका नाजूक की थोड्या उजेडानेही मावळून जातो. १९२१ साली या बंधूंनी आपली सहा हजारांवर चित्रे तेथील कलासंग्रहालयाला दान केली. परंतु अट अशी घातली की, ती लोकांपुढे कधीही मांडू नयेत. अट पाळली गेली. अभ्यासकांना ती पाहता येत. भिंतीवर मात्र ती चढली नाहीत. परिणाम असा की, इतरत्र जे निळे आणि जांभळे रंग मातकट झाले, ते तेथे आजही ताजे आहेत. पुढे त्या चित्रांची छायाचित्रे काढण्यात आली आणि ती आता संगणकावर जगातील कोणालाही पाहता येतात.

हे ऐकून एखाद्याला त्या बंधूंचे कौतुक वाटेल, तर एखाद्याला ती चित्रे बंदिवासात आहेत असे वाटेल. ज्या चित्रांनी सामान्य नागरिकांच्या हाती खेळावे म्हणून जन्म घेतला, त्यांनी कायमचे पेटीत पडून राहावे काय? माजघरातल्या लक्ष्मीविषयी हाच प्रश्न निघाला, तर तो अधिकच कठीण होतो. शहरात शिकून आलेला नातू म्हणतो, “आजी, हे चित्र शंभर वर्षांचे आहे. भिंतीवरून काढून पेटीत ठेवू या.” आणि आजी विचारते, “देवाला काळोखात कोंडायचे का रे, बाळ?” दोघांचेही बोलणे खरे असते. नातवाला कागद दिसतो, आजीला लक्ष्मी दिसते. आजीने तिच्या सासूच्या मागोमाग त्या काचेवर आणि काच नसे तेव्हा कागदावरच कुंकवाचे बोट टेकलेले असते. काही घरांत तर चित्रातील देवीच्या शालूवर खरी जर आणि टिकल्या शिवून तिला सजविलेले असते. कागदाचा विचार केला, तर सुईचे प्रत्येक छिद्र ही जखम आहे. परंतु ती जर उसवून टाकली आणि ते कुंकू धुऊन काढले, तर जे उरेल ते छापखान्यातून बाहेर पडलेले कोरे चित्र असेल. त्या घरात शंभर वर्षे राहिलेले चित्र नसेल. म्हणून जाणता संरक्षक धूळ झाडतो, बुरशी काढतो, आम्लाची फळी दूर करतो. कुंकवाच्या बोटाला मात्र तो हात लावीत नाही. डाग कोणता आणि खूण कोणती, हे ओळखणे हीच त्याची खरी विद्या.

आजी आणि नातू यांच्यातील तंट्यालाही एक मधला मार्ग आहे. जपानी घरांत चित्रासाठी एक कोनाडा राखलेला असतो, आणि त्यात ऋतूप्रमाणे चित्र बदलते. वसंतातील चित्र शरदात गुंडाळून विसावते, आणि पुन्हा वसंत आला की भेटीला येते. आपल्याकडेही गौरीचे मुखवटे वर्षभर पेटीत असतात आणि भाद्रपदात तीन दिवसांसाठी बाहेर निघतात. म्हणून त्यांची थोरवी कमी होत नाही, उलट वाढते. घरातील पाच-सहा जुनी चित्रे अशीच पाळीपाळीने भिंतीवर यावी. नवरात्रात लक्ष्मी यावी, वसंतपंचमीला सरस्वती यावी. एक भिंतीवर असता बाकीची पेटीत विसावा घेतील. अधल्यामधल्या दिवसांत त्या जागी चित्राची नवी प्रत लावली, तरी बिघडत नाही. रविवर्म्यांची लक्ष्मी तरी काय होती? ती मूळ तैलचित्राची प्रतच होती. प्रत म्हणून ती घरात आली, आणि तीन पिढ्यांच्या नमस्काराने अस्सल झाली. नव्या प्रतीलाही कदाचित तीच वाट मिळेल.

चित्राला कायमचे अमर करणे कोणाच्याही हातात नाही. कागद हा अखेर गवताचा, कापसाचा आणि लाकडाचा भाऊ. तो केव्हातरी मातीकडे जाणारच. परंतु तो आज जायचा की आणखी दोनशे वर्षांनी, हे पुष्कळसे माणसाच्या हातात आहे. ज्या गृहस्थाने थोडक्या मिळकतीतून चार आणे वाचवून हे चित्र घरी आणले, तो आता नाही. ते ज्याच्या घरी पुढे जायचे, तो अजून जन्मालाही आलेला नसेल. मधल्या काळात ज्याच्या भिंतीवर ते आहे, तो त्याचा मालक नव्हे, राखणदार आहे. घराला रंग देण्याच्या निमित्ताने तसबीर खाली उतरली, की त्याने एवढेच करावे: घाईने ती पुन्हा खिळ्याला अडकवू नये. चौकट उघडावी, मागची फळी काढावी, आणि कडेला लपून राहिलेला तो मूळचा लाल रंग एकदा नीट पाहावा. पुढे काय करायचे, हे त्यानंतर त्याला कोणी सांगावे लागणार नाही.